कार्डातले फोटो ‘हलत’ नाहीत!

ऑक्टोबर आला की स्टेट कॉलेजमधले कॅमेरे बाहेर पडतात. माउंट निटनीचा उतार बघता बघता हिरव्याचा पिवळा आणि पिवळ्याचा तांबडा होतो. बऱ्याच मराठी घरांत याच सुमारास भारतातून आई-बाबा आलेले असतात. झाडाखाली आजी-आजोबा, पानांच्या ढिगात नातवंडं, असे शेकडो फोटो निघतात. मग परतीच्या विमानाची तारीख जवळ आली की एक वाक्य हमखास कानावर पडतं: “अरे, कार्डातले फोटो तेवढे लॅपटॉपवर टाकून दे, म्हणजे कार्ड रिकामं होईल.”

या साध्या वाक्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. फोटो हा एखाद्या डब्यासारखा इथून उचलून तिथे ठेवता येतो, ही पहिली. आणि तो उचलला म्हणजे पलीकडे नीट पोहोचलाच, ही दुसरी. प्रत्यक्षात फोटो जागचा हलत नाही. संगणक त्याची नक्कल उतरवून घेतो आणि नंतर कोणीतरी मूळ प्रत पुसतं. नक्कल आणि पुसणं या दोन पायऱ्यांच्या मधल्या जागेत बहुतेक फोटो हरवतात. म्हणून आज त्या मधल्या जागेत काय काय घडतं ते पाहू. त्यासाठी आधी फोटो कार्डात नेमका कुठे आणि कसा असतो, हे समजून घ्यावं लागेल.

प्रकाशाचे झाले आकडे

समजा तुमचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे. म्हणजे त्याच्या संवेदकावर आडवे ६००० आणि उभे ४००० असे दोन कोटी चाळीस लाख ठिपके आहेत. प्रत्येक ठिपका आपल्यावर किती प्रकाश पडला हे एका आकड्यात सांगतो. हा आकडा १४ बिटचा धरला, तर एका फोटोचे ३३ कोटी ६० लाख बिट होतात, म्हणजे ४२ मेगाबाइट. ‘रॉ’ प्रकारात फोटो साठवला की साधारण हाच ऐवज, थोडाफार दाबून, कार्डावर जातो.

जेपेग प्रकारात मात्र तो बराच आकसतो. त्यामागचं गणित ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ या नावानं ओळखलं जातं. मूळचे बेंगळुरूचे नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत ते १९७४ मध्ये प्रसिद्ध केलं. चित्राचे छोटे चौकोन घ्यायचे, प्रत्येक चौकोनातले ढोबळ आणि बारीक चढउतार वेगळे करायचे आणि डोळ्याला फारसे न जाणवणारे बारीक चढउतार कमी अचूकतेनं लिहायचे, ही त्यामागची कल्पना. त्यामुळे ४२ मेगाबाइटचा ऐवज दहाएक मेगाबाइटमध्ये बसतो.

थोडक्यात, कार्डावर चित्र नसतं, आकड्यांची एक लांबलचक माळ असते. ती माळ लिहायची कशावर? इथून गोष्ट रंगते, आणि ती आमच्या गावातून जाते.

माठातले इलेक्ट्रॉन

मेमरी कार्डाच्या पोटात सिलिकॉनची एक चकती असते आणि तिच्यावर अब्जावधी सूक्ष्म पेशी असतात. प्रत्येक पेशीत इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायची एक जागा असते. तिच्या चारही बाजूंनी विद्युतरोधक पदार्थाचा थर असतो, त्यामुळे आत गेलेले इलेक्ट्रॉन वीज बंद केली तरी आतच राहतात. या रचनेची मूळ कल्पना १९६७ मध्ये बेल लॅब्जमध्ये डॉन कांग आणि सायमन झी यांनी मांडली. पुढे तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी आणि १९८७ मध्ये तिचाच नॅन्ड हा प्रकार जगापुढे आणला. आज आपल्या कार्डांत असते ती ही नॅन्ड. ‘फ्लॅश’ हे नाव त्यांच्या एका सहकाऱ्यानं सुचवलं, कारण पेशींचा अख्खा गट एका झटक्यात पुसला जाताना पाहून त्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला.

आता खरा प्रश्न. चारही बाजू बंद असतील तर इलेक्ट्रॉन आत शिरतो कसा?

गल्ली क्रिकेटमध्ये कंपाउंडच्या भिंतीवर मारलेला चेंडू परत येतो. भिंतीच्या उंचीपेक्षा वर उडाला तरच तो शेजाऱ्यांच्या अंगणात पडतो. इलेक्ट्रॉनचं तसं नाही. क्वांटम सिद्धांतानुसार भिंत ओलांडण्याइतकी ऊर्जा नसतानाही तो पलीकडे सापडण्याची थोडीशी शक्यता असते. याला म्हणतात टनेलिंग. भिंत जितकी जाड, तितकी ही शक्यता झपाट्यानं कमी होते. पण जबरदस्त विद्युतक्षेत्र लावलं की भिंत तिरकी होते, तिचा वरचा भाग पातळ होतो आणि इलेक्ट्रॉन भराभर पार होऊ लागतात. राल्फ फाउलर आणि लोथर नॉर्डहाइम यांनी १९२८ मध्ये याचं गणित मांडलं. कार्डातल्या पेशीत नॅनोमीटरमागे सुमारे एक व्होल्ट इतकं क्षेत्र निर्माण केलं की इलेक्ट्रॉन आत शिरतात. उलट दिशेनं लावलं की ते बाहेर पडतात. पहिलं म्हणजे लिहिणं, दुसरं म्हणजे पुसणं.

हेच टनेलिंग वापरून एर्विन म्युलर या जर्मन शास्त्रज्ञानं १९३६ मध्ये बर्लिनमध्ये एक वेगळाच सूक्ष्मदर्शक बनवला होता. धातूची अतिशय टोकदार सुई घ्यायची, तिच्यावर मोठा व्होल्टेज लावायचा आणि टोकातून निसटणारे इलेक्ट्रॉन पडद्यावर पाडायचे, अशी त्याची रचना. पुढे १९५२ मध्ये म्युलर इथे, स्टेट कॉलेजच्या पेन स्टेट विद्यापीठात आले. त्यांनी त्या यंत्राची पुढची आवृत्ती सुधारत नेली. तिच्यात सुईच्या टोकाजवळ हेलियम वायू असतो आणि हेलियमच्या अणूतला इलेक्ट्रॉन टनेलिंग करून सुईत शिरतो. उरलेला धनभारित अणू पडद्याकडे झेपावतो आणि सुईवरच्या ज्या अणूपाशी हे घडलं त्याची खूण पडद्यावर उमटवतो. ११ ऑक्टोबर १९५५ रोजी विद्यापीठाच्या ऑसमंड प्रयोगशाळेत म्युलर आणि त्यांचे भारतीय विद्यार्थी कंवर बहादूर यांना टंगस्टनच्या सुईवरचे सुटे सुटे अणू दिसले. माणसानं अणू वेगवेगळे पाहिले ते पहिल्यांदा इथे.

आज पानगळीचे फोटो काढणारे विद्यार्थी त्या इमारतीवरून रोज जातात. त्यांच्या गळ्यातल्या कॅमेऱ्यात प्रत्येक क्लिकसरशी अब्जावधी इलेक्ट्रॉन क्वांटम भिंतींतून पार होत असतात. म्युलर यांच्या सुईतलं भौतिकशास्त्र आणि कार्डातलं भौतिकशास्त्र ही एकाच घरातली भावंडं आहेत.

पण जी भिंत आत यायला वाट देते, ती बाहेर जायलाही देते. इथे मला आजोळचा माठ आठवतो. माठ पाणी साठवतो, पण थोडं थोडं पाझरतोही. पेशीही तशीच पाझरते, फक्त अतिशय सावकाश. पूर्वी एका पेशीत एकच बिट ठेवत. माठ भरलेला की रिकामा, एवढंच ओळखायचं असे. थोडा पाझरला तरी उत्तर बदलत नसे. आता स्वस्त आणि मोठ्या कार्डांत एका पेशीत तीन बिट कोंबतात. त्यासाठी माठावर आठ वेगवेगळ्या पातळ्यांच्या खुणा कराव्या लागतात. मग जरासं पाणी कमी झालं, की सहावी खूण पाचवी वाटू लागते. ही बाब पुढे ड्रॉवरमधल्या कार्डांबद्दल बोलताना लागणार आहे.

वाचताना होणाऱ्या चुका आणि एक ओळखीचं नाव

कार्ड तुम्ही रीडरमध्ये सरकवलं. साध्या एसडी कार्डाला पाठीमागे नऊ सोनेरी पट्ट्या असतात, त्या रीडरला टेकतात. कार्डातच एक चिमुकला नियंत्रक असतो. संगणकानं अमुक क्रमांकाचा तुकडा मागितला की तो नियंत्रक त्या पेशींमधली इलेक्ट्रॉनची पातळी तपासतो. तपासताना इलेक्ट्रॉन बाहेर काढले जात नाहीत. आत ते असल्यानं शेजारून वाहणाऱ्या विजेवर काय परिणाम होतो, एवढंच पाहिलं जातं. म्हणूनच वाचून झालं तरी मूळ फोटो जागच्या जागी असतो.

गंमत म्हणजे हे वाचन बिनचूक नसतं. पाझर, शेजारच्या पेशींचा त्रास, झीज या सगळ्यांमुळे काही बिट चुकीचे वाचले जातात. तरीही फोटो स्वच्छ येतो, कारण लिहितानाच नियंत्रकानं त्यात काही जादा बिट घातलेले असतात. कल्पना सोपी आहे. आकड्यांचा एक चौकोनी तक्ता मांडा. प्रत्येक आडव्या ओळीची बेरीज उजवीकडे आणि प्रत्येक उभ्या रकान्याची बेरीज खाली लिहा. नंतर तक्त्यातला एक आकडा बिघडला, तर एक आडवी आणि एक उभी बेरीज जुळणार नाही. त्या दोन ओळी जिथे एकमेकींना छेदतात तिथे चूक आहे आणि किती फरक पडला हेही कळतं. म्हणजे चूक सापडते आणि दुरुस्तही होते.

फ्लॅश मेमरीत यापेक्षा कितीतरी बळकट संकेत वापरतात. त्यातल्या एका प्रसिद्ध घराण्याचं नाव आहे बीसीएच. त्यातला ‘बी’ म्हणजे राज चंद्र बोस. जन्म मध्य प्रदेशातल्या होशंगाबादचा, कारकीर्द कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आणि नंतर अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात. द्विजेंद्र कुमार राय-चौधुरी या आपल्या विद्यार्थ्यासोबत त्यांनी १९६० मध्ये हा संकेत मांडला. फ्रान्समध्ये ओकेंगेम यांना तो स्वतंत्रपणे १९५९ मध्ये सापडला होता. मराठी वाचकांना बोस यांची आणखी एक ओळख असायला हवी. ऑयलरनं १७८२ मध्ये लॅटिन चौरसांबद्दल एक अनुमान केलं होतं. ते १९५९ मध्ये खोटं ठरवणाऱ्या तिघांपैकी बोस एक होते. उरलेले दोघे म्हणजे ई. टी. पार्कर आणि आपले शरदचंद्र श्रीखंडे, जे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते. अलीकडच्या कार्डांत रॉबर्ट गॅलगर यांनी १९६० च्या सुमारास शोधलेले दुसऱ्या प्रकारचे संकेतही वापरतात. पण तत्त्व तेच: थोडं जास्तीचं लिहा, म्हणजे बिघडलेलं ओळखता येईल.

या दुरुस्तीलाही मर्यादा असते. ठरावीक संख्येपर्यंतच्या चुका ती निस्तरते. त्यापलीकडे गेलं की तुकडा वाचताच येत नाही, आणि फोटोच्या खालच्या अर्ध्या भागात करडा पट्टा दिसतो. पट्टा दिसेपर्यंत आत किती चुका साचल्या होत्या याचा आपल्याला पत्ताही नसतो.

किती वेळ लागतो?

डिजिटल कॅमेऱ्याच्या जन्मापासून हा प्रश्न आहे. पहिला कॅमेरा इथून उत्तरेला, मोटारीनं काही तासांवर असलेल्या रॉचेस्टरमध्ये, कोडॅक कंपनीच्या स्टीव्ह सॅसन यांनी १९७५ मध्ये बनवला. १०० गुणिले १०० ठिपक्यांचा एक काळा-पांढरा फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. मग ती कॅसेट काढून दुसऱ्या यंत्रात घालायची आणि टीव्हीवर फोटो बघायचा. कार्ड काढा, रीडरमध्ये घाला, हा आपला रिवाज तेव्हापासूनचा आहे.

आजचा हिशोब पाहू. कार्डात ३२ गिगाबाइट फोटो आहेत असं धरा. १९९६ मध्ये यूएसबी आलं. त्यामागच्या इंटेलच्या चमूतले प्रमुख अभियंते अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. सुरुवातीच्या यूएसबीचा कमाल वेग सेकंदाला दीड मेगाबाइट होता. त्या वेगानं हे फोटो उतरायला जवळजवळ सहा तास लागले असते. यूएसबी २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला ३५ मेगाबाइट मिळाले तर पंधरा मिनिटं लागतात. यूएसबी ३.० चा रीडर आणि सेकंदाला ९० मेगाबाइट देणारं कार्ड असेल तर सहा मिनिटं. इथे लक्षात ठेवायचं ते असं की साखळीतली सगळ्यात संथ कडी वेग ठरवते. महागडं कार्ड जुन्या रीडरमध्ये घातलं तर ते जुन्या रीडरच्याच चालीनं चालणार.

तारेवरूनही चुका होऊ शकतात, म्हणून कार्ड आणि रीडर प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक पडताळणीचा आकडा पाठवतात. तो जुळला नाही तर तुकडा पुन्हा मागता येतो. म्हणजे कार्डातून तारेपर्यंत बऱ्यापैकी चोख पहारा आहे. मग फोटो हरवतात कुठे?

‘कट’ करू नका, ‘कॉपी’ करा

ते हरवतात वहीखात्यात. कार्डावर आकड्यांच्या माळांसोबत एक अनुक्रमणिका असते: कोणत्या नावाचा फोटो कोणत्या कप्प्यापासून सुरू होतो आणि पुढचा कप्पा कोणता. ३२ गिगाबाइटपर्यंतच्या कार्डांत ही वही ‘फॅट’ नावाच्या पद्धतीनं लिहिलेली असते. तिचं मूळ १९७७ मधलं, मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनल्ड यांचं. त्याहून मोठ्या कार्डांत तिची मोठी बहीण ‘एक्सफॅट’ असते.

एकाच डिस्कवर एका फोल्डरमधून दुसऱ्यात फाइल हलवली, तर संगणक फक्त या वहीतली नोंद बदलतो. म्हणून ते क्षणात होतं. पण कार्डावरून संगणकावर हलवताना वही बदलून भागत नाही, कारण ती दोन वेगळी घरं आहेत. तिथे ‘कट-पेस्ट’ म्हणजे आधी नक्कल आणि लगेच मूळ नोंदीवर काट. मध्येच तार निघाली, लॅपटॉप झोपला, डिस्क भरली, तर काही फोटो इकडे, काही तिकडे आणि एखादा अर्धवट अशी अवस्था होते. शिवाय ‘कट’ करताना कार्डावर लिहिलंही जातं. नुसती ‘कॉपी’ करताना कार्ड फक्त वाचलं जातं आणि वाचताना बिघडण्यासारखं फार थोडं असतं.

यावर एक फुकटचा उपाय प्रत्येक मोठ्या एसडी कार्डाच्या डाव्या कडेला आहे: तो छोटा खटका. त्याचा कार्डातल्या विजेच्या रचनेशी काही संबंध नाही. तो खाली सरकवला आहे हे रीडर पाहतो आणि लिहायला नकार देतो. कार्ड रीडरमध्ये घालण्यापूर्वी खटका ‘लॉक’वर सरकवा. मग चुकून ‘कट’ दाबलं गेलं तरी मूळ फोटो जाग्यावर राहतील.

आता समजा काट मारली गेलीच. फॅट पद्धतीत फाइल पुसताना तिच्या नावाचं पहिलं अक्षर बदललं जातं आणि तिचे कप्पे ‘मोकळे’ म्हणून नोंदले जातात. आकड्यांची माळ सहसा तशीच पडून असते, तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून अपघात झाला की पहिलं काम म्हणजे त्या कार्डावर नवा फोटो काढायचा नाही. कार्ड बाहेर काढा, खटका लावा आणि फोटोरेकसारखा मोफत प्रोग्राम वापरा. तो वहीकडे बघतच नाही. प्रत्येक जेपेग फाइल ठरावीक बाइटांनी सुरू होते, त्या खुणा शोधत तो थेट माळा गोळा करतो. फोटोंची जुनी नावं परत मिळत नाहीत, पण फोटो पुष्कळदा मिळतात.

नावं आणि वेळा

कार्डातल्या ‘डीसीआयएम’ या फोल्डरचं नाव सगळ्या कॅमेऱ्यांत सारखं का असतं? कारण १९९८ मध्ये जपानमध्ये ठरलेल्या एका नियमावलीत ते तसं लिहिलं आहे. त्याच नियमानुसार प्रत्येक फोटोच्या नावात चार अक्षरं आणि ०००१ ते ९९९९ असे चार आकडे असतात. म्हणजे ९९९९ नंतर पुन्हा ०००१. मुलगी तीन महिन्यांची असताना काढलेला फोटो आणि तीन वर्षांची असताना काढलेला फोटो, दोघांचं नाव एकच असू शकतं. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये टाकले आणि संगणकानं विचारलेल्या प्रश्नाला घाईत ‘रिप्लेस’ म्हटलं, की पहिला गेला. म्हणून दर वेळी नवा फोल्डर करा आणि त्याच्या नावात वर्ष-महिना-दिवस याच क्रमानं तारीख घाला. फोल्डर आपोआप काळाच्या क्रमानं लागतात.

परदेशातल्या आपल्या घरांत आणखी एक गोंधळ होतो. आई-बाबांनी कॅमेरा पुण्याहून आणलेला असतो आणि त्याचं घड्याळ भारतीय वेळेवर असतं. ऑक्टोबरमध्ये तो इथल्या वेळेच्या साडेनऊ तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेदहा तास. दुपारी तीनला काढलेल्या फोटोवर मध्यरात्रीनंतरची, दुसऱ्या दिवसाची तारीख पडते. फोटोच्या पोटात वेळ लिहिलेली असते, पण ती वेळ कोणत्या देशाची हे लिहायची सोय त्या पद्धतीत २०१६ मध्ये आली, आणि जुने कॅमेरे ते लिहीत नाहीत. दोन कॅमेऱ्यांचे फोटो एकत्र केले की वाढदिवसाचा केक कापायच्या आधीच खाऊन झालेला दिसतो. फोटो उतरवल्यावर सगळ्यांची वेळ एकदम पुढेमागे करण्याची सोय बऱ्याच प्रोग्राममध्ये असते. ती लगेच वापरा, दहा वर्षांनी कोणाला आठवणार नाही.

आणि हो, “मी व्हॉट्सॲपवर पाठवलेत की सगळे” हे उत्तर चालणार नाही. नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो लहान करून पुन्हा दाबला जातो आणि त्याच्या पोटातल्या वेळेच्या नोंदी गळतात. ती बघायची प्रत झाली, ठेवायची नव्हे.

पोहोचला की नाही, कसं कळणार?

प्रयोगशाळेत आमचे सूक्ष्मदर्शकाचे कॅमेरेही असेच फोटो काढतात आणि तेही असेच उतरवून घ्यावे लागतात. तिथली शिस्त घरी वापरण्यासारखी आहे. नक्कल झाल्यावर आधी दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकारमान ताडून पाहायचं. मग सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे काही फोटो पूर्ण आकारात उघडायचे. नुसत्या छोट्या चित्रांवर विसंबायचं नाही, कारण ती छोटी चित्रं बहुतेकदा फाइलमध्येच वेगळी साठवलेली असतात आणि मोठा फोटो बिघडला तरी ती छान दिसतात.

पक्की खात्री हवी असेल तर फाइलचा ठसा घ्यायचा. ‘शा-२५६’ नावाची गणिती कृती कितीही मोठ्या फाइलमधून २५६ बिटचा एक आकडा काढते. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ठसा पार बदलतो. कार्डावरच्या फाइलचा ठसा आणि लॅपटॉपवरच्या फाइलचा ठसा जुळला, की नक्कल तंतोतंत. ही सोय विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींत आहे आणि नक्कल करतानाच ठसे जुळवणारे मोफत प्रोग्रामही मिळतात.

बाहेरच्या डिस्कवर नक्कल करत असाल तर ‘इजेक्ट’ केल्याशिवाय तार काढू नका. पडद्यावर काम झालेलं दिसलं तरी शेवटचा थोडा भाग संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असू शकतो. ‘इजेक्ट’ म्हणजे संगणकाला “उरलंसुरलं लिहून टाक, मग मी जातो” असं सांगणं.

ड्रॉवरमधली कार्डं

आता त्या पाझरणाऱ्या माठाकडे येऊ. अनेक घरांत जुनी कार्डं एखाद्या ड्रॉवरमध्ये पडलेली असतात. “फोटो आहेत त्यात, नंतर बघू.” त्यात मुंजीचे फोटो असतात, पहिल्या बर्फाचे असतात, आता नसलेल्या आजीचे असतात. कार्ड प्लास्टिकचं, टणक, कसला आवाज नाही, हलणारा भाग नाही, त्यामुळे ते टिकाऊ वाटतं. पण आत फोटो म्हणजे कोंडलेले इलेक्ट्रॉन आहेत आणि ते निसटत आहेत. नव्या, कमी वापरलेल्या पेशींसाठी साधारण दहा वर्षांचा आकडा सांगितला जातो. कार्ड खूप वेळा लिहिलं-पुसलं गेलं असेल तर रोधक थर झिजलेला असतो आणि पाझर वाढतो. उष्णतेनंही तो वाढतो. मुंबईच्या पोटमाळ्यावर मे महिना काढणारं कार्ड थंड खोलीतल्या कार्डापेक्षा लवकर विसरणार.

दुसरा धोका यंत्रांचा. १९९४ चं कॉम्पॅक्टफ्लॅश, १९९८ चं मेमरी स्टिक, २००२ चं एक्सडी कार्ड: दोन-अडीच दशकांपूर्वी इथे आलेल्या घरांत हे सगळे प्रकार सापडतात. एसडी कार्ड १९९९ मध्ये आलं आणि बाकीच्यांना मागे टाकून गेलं. आता नव्या लॅपटॉपवर एसडीची खाचसुद्धा असेलच असं नाही. जुन्या प्रकारांचे रीडर अजून मिळतात, तोवर घेऊन ठेवा.

एक प्रत एका जागी ठेवण्याचा धडा पुण्यानं जबर किंमत देऊन घेतला आहे. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठाराला आग लागली आणि सुरुवातीच्या भारतीय चित्रपटांची रिळं जळून गेली. नायट्रेट फिल्मची नक्कल करणं महाग आणि किचकट होतं. आपल्या फोटोंची नक्कल फुकट आणि तंतोतंत होते. डिजिटल फोटोचं खरं वैभव हेच आहे: त्याची शंभरावी प्रत पहिल्याइतकीच अस्सल असते.

छायाचित्रकार पीटर क्रो यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम त्यासाठी पुरेसा आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत घराबाहेर. या शेवटच्या अटीत आपण परदेशी राहणारे नशीबवान आहोत, कारण आपली घरं मुळातच दोन आहेत. एक डिस्क इथे ठेवा. दुसरी आई-बाबांच्या सामानात, गोदरेजच्या कपाटात ठेवायला म्हणून पाठवा, आणि पुढच्या वेळी गेलात की ती उघडून पाहा.

मग या शनिवार-रविवारी एवढंच करा. घरातली सगळी कार्डं एका ताटलीत गोळा करा. ज्यांना खटका आहे त्यांचा तो लावा. एकेकाची नक्कल तारखेच्या फोल्डरमध्ये उतरवा, ठसे किंवा निदान संख्या आणि आकारमान जुळवा, काही फोटो उघडून बघा, दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. हे सगळं झाल्यावरच, पुन्हा वापरायचं असेल ते कार्ड कॅमेऱ्यात घालून तिथेच फॉरमॅट करा. ज्या कार्डात आजीचे फोटो निघतील, ते दोन प्रती झाल्यावरही पुसू नका. चार डॉलरचं कार्ड वाचवून काय मिळवायचंय?